आपले गाव निर्धास्त आहे काय?

(रिद्धपूर येथे गावकऱ्यांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



आम्हांस भाषणाची सवय नाही. वर्गात तास घ्यावा, घंटा झाली की थांबावे, एवढाच आमचा अभ्यास. तेव्हा जेथे घंटाच नाही अशा सभेत मास्तरास बोलावयास उभे केले, हे मंडळींनी थोडे धोक्याचेच काम केले आहे. विषयही धोक्याचाच आहे.

गेल्या काही महिन्यांपासून पारावर, पिठाच्या गिरणीत, एस. टी. च्या थांब्यावर एकच वाद चाललेला आम्ही ऐकतो. एक पक्ष म्हणतो, रिद्धपुरासारखे निर्धास्त गाव पंचक्रोशीत नाही. येथे देवस्थान आहे, साऱ्या देशातून यात्रेकरू येतात, कधी कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. दुसरा पक्ष म्हणतो, ते दिवस गेले. २०२४ पासून येथे मराठी भाषा विद्यापीठ आले, बाहेरची पोरे भाड्याने राहू लागली, रात्री अनोळखी फटफट्या फिरतात. तरी आता वेशीला फाटक करा, चौकाचौकांत कॅमेरे लावा, आणि फेरीवाले, बहुरूपी, भिक्षेकरी यांस आत येऊ देऊ नका. पहिला पक्ष दुसऱ्यास भित्रा म्हणतो, दुसरा पहिल्यास आंधळा म्हणतो. परवा तर ही गोष्ट हमरीतुमरीवर आली. दोन्ही पक्षांत आमच्या विद्यार्थ्यांचे बाप आहेत, काही तर स्वतः आमचेच जुने विद्यार्थी. त्यांस दोघांसही उठाबशा काढावयास लावण्याचे वय आता राहिले नाही, म्हणून येथे बोलावयास उभे राहिलो.

आम्ही काय केले ते आधी सांगतो. वाद ऐकून ऐकून कंटाळलो, तेव्हा पाचवी ते सातवीच्या मुलांस घरचा अभ्यास दिला. घरातल्या प्रत्येक माणसास विचारावे, ‘या गावात तुम्हांस कशाची भीती वाटते?’ आणि जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणावे. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही, असे कबूल केले, म्हणून वह्या भरभरून आल्या.

घरच्या कर्त्या पुरुषांनी बहुधा चोर सांगितला, नाहीतर ‘बाहेरचे लोक’. मायबहिणींनी सांगितला अंधार. थांब्यावर शेवटच्या गाडीने उतरल्यावर घरापर्यंत जो बिनदिव्याचा तुकडा आहे, तो जवळजवळ प्रत्येक घरच्या उत्तरात होता. एका बाईने सांगितले की चोराची भीती ज्याच्या घरात काही आहे त्याला. आमच्या घरी चोर आला तर त्यालाच चहा करून पाजावा लागेल. म्हाताऱ्यांनी पावसाळ्यातली निसरडी पायरी आणि रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायला वाहन न मिळणे, या दोन गोष्टी सांगितल्या. दोन मुलांनी स्वतःच्या नावापुढे ‘मास्तरची’ असे लिहिले होते. त्याचा विचार आम्ही वेगळा करीत आहोत.

एका वहीत आजोबा, आजी, बाप, काका अशी सर्वांची उत्तरे होती; आईच्या नावापुढे जागा कोरी होती. मुलीस विचारले तर म्हणाली, ‘आई म्हणाली, लिहू नको.’ आम्ही पुढे काही विचारले नाही. ती कोरी जागा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आणि सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘बाबा रात्री मोटर चालू कराले वावरात जातात तवा मले भेव लागते. ते येईपर्यंत आई झोपत नाही. मंग मी पण झोपत नाही.’

आता मंडळींनी सांगावे, या वह्यांत जे आले त्यातले पारावरच्या वादात किती येते? आम्ही तर तेथे चोर आणि परका यांपलीकडे तिसरा शब्द ऐकला नाही.

भीतीच्या नावाने भिंत बांधण्याची रीत आपल्या वऱ्हाडात जुनी आहे. अमरावतीस गेलेल्या प्रत्येकाने तेथला दगडी परकोट आणि जवाहर दरवाजा पाहिला आहे. त्या भिंतीचे काम निजाम सरकारने १८०७ साली सुरू केले. सव्वादोन मैलांचा तिचा घेर आणि वीस ते सव्वीस फूट उंची. पेंढाऱ्यांपासून कोणाचे रक्षण करावयाचे होते? तर शहरातल्या धनवान व्यापाऱ्यांचे. कापूस पिकविणारा कुणबी, तो लोढणारा, विणणारा, त्याच्या गाड्या घडविणारा सुतार आणि धाव चढविणारा लोहार हे सर्व खेड्यांतून राहत. खेड्यात पाटला-देशमुखाची गढी असे. धाड आली की ज्याची सोय असे तो गढीत शिरे, बाकीच्यांनी रानाची वाट धरावी. (ज्या चितू पेंढाऱ्याच्या नावाने त्या काळी मुलुख कापत असे, तो पुढे १८१९ साली असीरगडाच्या बाजूच्या रानात वाघाच्या तोंडी सापडून मेला. ज्याने हजारोंची झोप उडविली त्यालाही निर्धास्त जागा मिळाली नाही.)

आणि गावाची राखण कोण करी? जागल्या. रात्रभर गावाभोवती फिरून हाळी देणारा महार. सारे गाव गावकुसाच्या आत झोपे आणि त्याला राखणारा गावकुसाच्या बाहेर राही. धाड आली तर पहिला घाव त्याच्यावर, आणि गावात चोरी झाली तर माग काढण्याची जोखीमही त्याच्यावरच. त्या वेळी कोणी पारावर ‘आपले गाव निर्धास्त आहे काय’ असा वाद घातला असता, तर त्या जागल्याचे मत कोणी विचारले असते काय? ही गोष्ट आम्ही उकरून भांडण लावण्यासाठी सांगत नाही. आज जो भाऊ सर्वांत मोठ्या आवाजाने ‘गाव निर्धास्त आहे’ म्हणतो, त्याने एवढेच पाहावे की आपण उभे कोठे आहोत, गावकुसाच्या आत की बाहेर.

एका शहरातही हेच होते. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ या दोन दिवशी अमरावतीत काय घडले ते आपणां सर्वांस आठवते. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दुकाने फुटली, जाळपोळ झाली. मग संचारबंदी लागली आणि मोबाइलचे इंटरनेट बंद झाले. आमचे दोन नातलग त्या शहरात राहतात, दोन वेगळ्या वस्त्यांत. एकाने फोनवर सांगितले, ‘शहर संपले, आता येथे राहण्यात अर्थ नाही.’ दुसरा म्हणाला, ‘इकडे काही नाही बाप्पा, वर्तमानपत्रवाले वाढवतात.’ दोघेही खरे बोलत होते. एकाच्या दारासमोर काचा पडल्या होत्या आणि दुसऱ्याच्या गल्लीत पोरे क्रिकेट खेळत होती. पुढे कित्येक महिने ते दोघे एकमेकांस खोटारडे म्हणत राहिले. आमचे म्हणणे एवढेच की दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या गल्लीत जाऊन पाहिले नाही.

आता परक्या माणसाविषयी. येथे थोडे थांबावे लागेल, कारण मंडळींच्या ठरावात फेरीवाले आणि भिक्षेकरी यांस वेशीच्या आत बंदी, असे कलम आहे.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असा निरोप कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होता. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागावयास आले होते. पिढ्यान्पिढ्या भिक्षेवर गुजराण करणारा तो समाज. बहुतेक मंगळवेढ्याच्या बाजूचे होते. लोकांनी त्यांस धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडले आणि तेथेच ठेचून मारले. पाचही जण गेले. टोळी नव्हती, पळविलेले मूल नव्हते. पुढे दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांस जमावाने मारले.

मारणारे कोण होते? दरोडेखोर नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे संसारी लोक होते, आपली लेकरे सांभाळावयास म्हणून धावलेले. त्या दिवशी राईनपाड्यात सर्वांत धोकादायक गोष्ट कोणती होती? आम्ही म्हणतो, गावाची भीती. जी काठी आपण चोरासाठी म्हणून दाराआड ठेवतो तिला चोर आणि भिक्षेकरी यांतला भेद कळत नाही.

आणि ही बंदी रिद्धपुरात घालावयाची? ज्या गावाचे नाव देशात झाले तेच मुळी बाहेरून चालत आलेल्या माणसांमुळे! गोविंदप्रभूंच्या दर्शनासाठी तेराव्या शतकात लोक कोठून कोठून येथे आले. म्हाइंभट येथे बसले, आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, येथे झाला. ते सारे त्या काळचे ‘बाहेरचे लोक’च होते. पुढे याच पंथाच्या काळ्या वस्त्राकडे पाहून लोकांनी ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हण रचली. एका म्हणीत दोन समाजांचा अन्याय! ज्यांस शेकडो वर्षे परके आणि संशयित म्हणून वागविले त्यांच्याच गावात आज पाटी लागावी की परक्यास मज्जाव आहे, हे आमच्या तरी गळी उतरत नाही.

तसेच गोविंदप्रभूंच्या चरित्रात येथल्या मातंगांच्या विहिरीची गोष्ट आहे. त्यांस पाणी नव्हते. कोणाच्या विहिरीवर चढण्याची सोय नव्हती. त्यांनी गोविंदप्रभूंस अडवून आपले दुःख सांगितले, त्यांनी जागा दाखविली आणि पाणी लागले. गोष्ट श्रद्धेची आहे, ज्याने त्याने आपल्या परीने घ्यावी. आम्हांस तिच्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की विहीर कोठे हवी हे तहानलेल्याने सांगितले. पारावर बसलेल्यांनी ठरविले नाही.

मग आपल्या गावात माणसे खरोखर कशाने मरतात, जायबंदी होतात, ते पाहू. या मुलाचे बाबा रात्री वावरात का जातात? कारण शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते, आणि पाळी रात्रीची आली की गहू-हरभऱ्याचे ओलीत, संत्र्याच्या झाडांचे पाणी, रात्रीच करावे लागते. एका हातात बॅटरी, पायात चप्पल असेल तर असेल. धुऱ्यावर साप, ओल्या पेटीत करंट, आणि रानडुकराची धास्ती निराळीच. आपल्या देशातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सरासरी दर वर्षी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. त्यांतले जवळजवळ अर्धे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर सापाच्या विषाची लस आहे. ती दवाखान्यात मिळते, मांत्रिकाकडे मिळत नाही. मंत्र घालण्यात गेलेला तास परत येत नाही. पुष्कळ घरांत हे अजून पटलेले नाही, म्हणून स्पष्ट बोलतो. राग आला तर आमच्यावर यावा.

दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. आपल्या वाहिनीवर ती केव्हा येणार, हे विचारणारा अर्ज आपण गावाच्या सह्यांनी केला आहे काय? फाटकासाठी मात्र वर्गणीची यादी तयार आहे.

फवारणीचे तसेच. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषधे एकात एक मिसळलेली, अंगावर साधा फाटका सदरा, तोंडाला काही नाही. फवारणारा बहुधा मजूर असतो, वावर दुसऱ्याचे असते. हातमोजे आणि तोंडाची पट्टी मालकाने द्यावी, हे सांगावयास कोणता कॅमेरा येणार आहे?

आता जी गोष्ट बोलताना आमचाही आवाज खाली येतो ती बोलतो. २०२४ च्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांत अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत ५५७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद विभागीय आयुक्त कार्यालयाने केली. त्यांत सर्वांत जास्त, १७०, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांपैकी एकाच्याही घरात रात्री फटफटीवरून कोणी शिरले नव्हते. कर्ज, पडलेला भाव, बोंडअळी, गळलेला बहार, आणि या सर्वांवर लोक काय म्हणतील ही लाज. त्यांच्या शेजाऱ्यांस त्या दिवशी सकाळी विचारले असते तर त्यांनीही सांगितले असते, ‘आमचे गाव एकदम निर्धास्त आहे.’

सावकाराचे कर्ज हा गुन्हा नाही. परंतु परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१४ सालापासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. बेकायदा सावकाराने लिहून घेतलेली जमीन चौकशीनंतर परत मिळू शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावयाची. अर्ज कसा लिहावा हे ज्यास कळत नसेल त्याने शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कोणास सांगणार नाही. आमच्याकडे बापाच्या मृत्यूनंतर आठ दिवसांनी वर्गात येऊन बसणारी मुले झाली आहेत. त्यांस पाढे म्हणावयास सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. आणि मूल आपणहोऊन पाढे म्हणू लागते तेव्हा तर मुळीच होत नाही.

मायबहिणींच्या भीतीविषयी आम्ही फार बोलणे बरे नाही, त्यांनीच बोलावे. एक गोष्ट सांगतो. बलात्काराचे जे गुन्हे देशात नोंदले जातात त्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो, असे सरकारी गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नातलग, शेजारी, ओळखीतला. तो फाटकाच्या आतच असतो, काकाजी! मुलींस ‘बाहेरच्या पोरांशी बोलू नको’ म्हणून शाळा-कॉलेज सोडावयास लावणे हा त्यावर उपाय नव्हे. विद्यापीठ आपल्या दारात आले आणि त्याच वर्षी आपल्या मुली घरात कोंडल्या गेल्या, असे झाले तर काय म्हणावे? ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा नियमच आहे. आपल्याकडे ती पुष्कळदा सह्यांपुरती होते, हे सर्वांस ठाऊक आहे. या वेळी ती खरोखर व्हावी, आणि पुरुष मंडळींनी दाराशी कान लावून बसू नये.

कॅमेऱ्यास आमचा विरोध नाही. थांब्यावर एखादा लागला तर लागो. पण तो चोर गेल्यावर चोराचे छायाचित्र दाखवितो. दिवा चोर येण्याआधीच काम करतो, आणि त्याच पैशांत पुष्कळ दिवे लागतात. कुलपाचेही असेच आहे. महानुभाव पंथात सांगतात की खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग ती परत उभी कशी राहिली? हिराइसेसारख्यांच्या तोंडी ती पाठ होती, म्हणून. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीच्या कुलपात ठेवल्या. त्या राहिल्या खऱ्या, पण कित्येक शतके बाहेरच्या कोणास वाचता आल्या नाहीत. आम्ही मास्तर, म्हणून आमचा ओढा हिराइसेकडे. जी गोष्ट अनेकांच्या तोंडी असते ती सहसा लुटली जात नाही. रात्री कोणी अनोळखी दिसला तर काय करावे, हे गावातल्या दहा वर्षांच्या पोरासही पाठ असले पाहिजे. त्याला विचारावे, ‘कोठून आलात, कोणाकडे जावयाचे?’ शंका वाटली तर ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस येईतो त्यास पारावर बसवून पाणी द्यावे. हात लावू नये, आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून गावोगाव धाडू नये.

आता ठरावाचे. फाटकाचा आणि बंदीचा ठराव आज हात वर करून संमत करू नये, एवढी आमची विनंती आहे. तो पुढच्या ग्रामसभेपर्यंत ठेवावा. मध्यंतरी एक वही करावी. गेल्या पाच वर्षांत या गावात कोणास काय इजा झाली ते तीत लिहावे. चोऱ्याही लिहाव्या, एकही सोडू नये; ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांची भीती खोटी नाही, आणि त्यांस भित्रे म्हणणाऱ्यांनी ती वही आधी वाचावी. पण तीतच साप, करंट, बिनकठड्याच्या विहिरी, रस्त्यावरचे अपघात, फवारणी, कर्ज हेही लिहावे. ज्यांस सांगावेसे वाटत नाही त्यांच्यासाठी पाने कोरी सोडावी. मग वर्गणी किती जमली आणि ती कोठे घालावी, हे त्या वहीसमोर बसून ठरवू. वहीतून फाटकच निघाले, तर पहिले शंभर रुपये आमचे.

वही आम्ही आणली आहे, शाळेच्या पैशांची नव्हे, आमच्या पदरची. उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ ती शाळेच्या ओट्यावर राहील. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे सातवीच्या मुली लिहून घेतील. त्यांचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. पहिल्या पानावर त्या मुलाचे रात्रीच्या मोटरीचे वाक्य लिहिले आहे, त्याचे नाव न घालता. आज रात्री कोणाकोणाची पाळी आहे त्यांनी सभा संपल्यावर एकट्याने न जाता जोडीने जावे. आमच्याकडे दोन बॅटऱ्या आहेत, त्या येथे ठेवतो.